शेवटचा डबा

तिसऱ्या टेकलाही कोणी हसलं नाही. बैलगाडीत मढं होऊन पडलेला जाडजूड नट उठून बसला, तोंडात कोंबलेला वडापाव चावत "आई, चटणी विसरलीस" म्हणाला, आणि समोर बसलेली शंभर माणसं त्याच्याकडे शांतपणे बघत राहिली.

प्रज्वलने कपाळाला हात लावला. तो त्या विनोदी मालिकेचा दिग्दर्शक. दर आठवड्याला एका जुन्या पिक्चरची टर उडवायची, एवढंच मालिकेचं भांडवल. स्वतःला काही सुचत नाही म्हणून दुसऱ्याला सुचलेल्यावर हसायचं आणि त्याला 'रेफरन्स' म्हणायचं. यंत्रातलं हसू शिळं वाटतं, म्हणून या वेळी त्याने युनिट म्हसा गावच्या जत्रेच्या मैदानात आणलं होतं आणि आजूबाजूच्या वाड्यापाड्यांवरून माणसं जमवली होती. त्याला गावरान हसू हवं होतं. हा शब्द आमच्याकडे कोंबडीला लावतात.

टर ज्या पिक्चरची होती त्यावर एके काळी सगळा महाराष्ट्र रडला होता. एकुलता एक पोरगा मुंबईला जातो. आई रोज दारात बसून वाट बघते. शेवटी बैलगाडी येते, आई भाकर घेऊन धावते, आणि गाडीत पोराचं प्रेत असतं. तरीही ती घास मोडून त्याच्या तोंडाशी नेते. प्रज्वलने भाकरीच्या जागी वडापाव घातला. या कामाला चार लेखक लागले होते.

"यांनी पिक्चरच पाहिलेला नसणार," तो कॅमेरामनला म्हणाला. गुरांसमोर बोलावं तसा, आवाज खाली न करता. "जंगलातली माणसं. सगळं डोक्यावरून जातंय."

पहिल्या रांगेतल्या हिराबाईने ते ऐकलं. ही कातकरीवाडीवरची, पंच्याहत्तरीची म्हातारी.

"पायलाय ना," ती म्हणाली. "सात वेळा पायलाय. हितंच, जत्रंच्या तंबूत. पन त्यात पोरगा मरत नाय. गाडी वळनावर येते, घुंगरं वाजतात, आई उठते. संपला पिक्चर."

मागच्या म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. तसाच संपायचा.

प्रज्वल पोट धरून हसला. त्या सकाळी रेकॉर्ड झालेलं ते पहिलं हसू. "शेवटच नाही पाहिलेला," तो म्हणाला आणि खिशातून मोबाइल काढून तो प्रसंग शोधू लागला.

शेवटच्या रांगेतला देवराम उठून उभा राहिला. त्या तंबूचं मशीन वीस वर्षं त्यानेच चालवलं होतं. एकच मशीन, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लावायचे, दुसरा डबा उघडायचा, रीळ चढवायचं, दिवे घालवायचे. हा पिक्चर तंबूत पहिल्यांदा आला त्या वर्षी त्याने डबे तपासताना शेवट पाहिला. मग तंबूबाहेर तिकिटाच्या रांगेत हिराबाई दिसली. तिचा पोरगा धर्मा त्याच वर्षी रेतीच्या बोटीवर कामाला गेला होता आणि परत आला नव्हता. जिवंत असल्याची खबर नाही, मेल्याची नाही. ती रोज एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहायची.

देवरामने शेवटचा डबा उघडलाच नाही. घुंगरं वाजली तसे दिवे लावले. मालक खूश, पुढचा खेळ लवकर लागला. पण एकदा नाही लावला तो डबा पुढे कधीच लावता आला नाही, कारण हिराबाई परत आली, आणि परत आली. चार जत्रा तो पिक्चर येत होता. ज्यांनी पुढे टीव्हीवर शेवट पाहिला, ते टीव्हीवाल्यांना शिव्या देत राहिले.

देवराम वाट काढत पुढे आला आणि त्याने मोबाइलवर हात ठेवला.

"नको दाखवूस, बाबा. शेवटचा डबा मी लावत नव्हतो. मला काय बोलायचं ते बोल. हिला नको दाखवू."

प्रज्वलने आधी देवरामकडे, मग हिराबाईकडे पाहिलं. त्याला कोणीतरी सांगितलंच, धर्माचं. त्याने मोबाइल खाली केला, आणि कोणालाही वाटलं असतं की याला लाज वाटली. त्याला एपिसोड सापडला होता.

"आजींच्या तोंडावर कॅमेरा लाव," तो म्हणाला. "आज पहिल्यांदा शेवट बघतायत. वडापाव राहू दे बाजूला, हे सोनं आहे."

कॅमेरा फिरला. मोबाइल हिराबाईच्या मांडीवर आला. त्यात गाडी वळणावर आली, घुंगरं वाजली. देवरामने तोंड फिरवलं. हे बघायला त्याच्यात जीव नव्हता. चाळीस वर्षं झाकून ठेवलेली एक गोष्ट हे भामटे चटणीबरोबर विकणार होते.

हिराबाईने मोबाइल पालथा घातला. घुंगरं पदराखाली वाजत राहिली. तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, प्रज्वलकडेही नाही.

"देवरामदादा, हिकडं बघ," ती म्हणाली. "कल्यानला बिगारीवर होते तवा पुरा पायलेला मी ह्यो पिक्चर, धर्मा जायच्या आदी. म्हनून तर सात वेळा तुज्या तंबूत आले."