तीस वर्षं न जळलेला डोंगर

दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं. कुठलं जंगल आता पूर्वीपेक्षा कमी वेळा जळतं, याचा नकाशा जंगलांची अभ्यासक नीरजा तयार करत होती. वाढत वाढत शहर ज्या डोंगराला जाऊन भिडलं होतं, तिथं तीस वर्षांत आग लागल्याची एकही नोंद नव्हती. तिला बरं वाटलं. खात्री करावी म्हणून ती पिशोर गावच्या नानासाहेबांना, निवृत्त वनरक्षकांना, घेऊन डोंगरावर गेली.

नानासाहेबांनी काठी पाचोळ्यात खुपसली, तर ती गुडघ्याएवढी आत गेली. त्यांचा चेहराच उतरला.

"मॅडम, पयलं दर दोन-तीन वर्सांनी नुसतं गवत जळायचं. झाडाला धक्का नाय लागायचा. आता इतक्या वर्सांचा पाला साठलाय. एक विडी पडली, तर आग शेंड्याशेंड्यावरून पळंल. खाली माणूस वाचायचं नाय."

खाली नव्या घरांच्या रांगा उभ्या राहत होत्या.   त्याच संध्याकाळी नीरजानं नकाशाखाली 'या डोंगराला सर्वांत जास्त धोका' असं लिहिलं आणि तो सगळ्यांना पाहता येईल असा इंटरनेटवर टाकला.

आठवड्यानं तिच्या धाकट्या भावाचा, शंतनूचा फोन आला. त्याच्या आवाजात आनंद मावत नव्हता.



"ताई, तुझ्या नकाशातल्या त्या डोंगराखाली घर घेतलं! तीस वर्षांत एकही आग नाही म्हणून बिल्डरनं जाहिरातीत तुझाच नकाशा लावलाय, खालची कसलीतरी ओळ तेवढी कापलेली दिसतेय!"