वगळलेला तिसरा

बाबांचा घरच्यांच्या वाढदिवसांचा प्रोग्राम पायथन या संगणकभाषेत होता. ते गेल्यावर आईच्या फोनवर चालावा म्हणून लेकीने तो जावास्क्रिप्टमध्ये उतरवला. बाबा, आई आणि ती, एवढीच नावं दिसायची. आज नवा प्रोग्राम पहिल्यांदा चालवला, तर तिसऱ्या जागी आणखी एक आलं: ‘थोरला, वय एकतीस.’

तिने कोड उघडला. ‘तीन नंबर आला की वगळ,’ अशी बाबांची ओळ होती. नव्या भाषेत नावांच्या यादीतले नंबर आकडे न राहता नुसती अक्षरं झाले होते, त्यामुळे त्या ओळीला तीन ओळखताच आला नाही.

“आई, हा कोण गं?”

आईने फोन जवळ घेतला. “तुझ्या आधीचा. चार दिवसांचा होता.”

आईने त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मी यांना नाव पुसायला सांगितलं होतं. हे त्याचं वय मोजत राहिले.”