पाव वळसा

“ही कॅमेऱ्यातली खोट आहे,” परीक्षक सर पडद्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बोट दाखवत म्हणाले. “सूर्याला कशाला बदनाम करतेस?”

वेधशाळेच्या त्या खोलीत पदवीची तोंडी परीक्षा चालू होती. सूर्यावरच्या चुंबकी रेषा तुटून पुन्हा जुळतात, तिथे असे बारके ठिपके काही मिनिटं पेटतात, या एका म्हणण्यावर मुलीचा अख्खा प्रबंध उभा होता. ठिपके खोटे निघाले, तर पदवीही गेली.

मार्गदर्शक बाई ताठ बसल्या. सर त्यांचेही गुरू. मघाशी चहा घेताना ते म्हणालेच होते, तुझी विद्यार्थिनी म्हणजे माझी नात. आजोबा आधी कान धरणार, कौतुकाचं मग बघू. बाई उत्तर द्यायला सरसावल्या, पण त्यांच्याआधी मुलगीच उठली.

“कॅमेरा फिरवते, सर. ढग यायच्या आत. पडद्यावर सूर्य पाव वळसा फिरेल. ठिपके त्याच्याबरोबर गेले तर त्याचे. जागेवर राहिले तर कॅमेऱ्याचे.”

नवा कॅमेरा बसवल्यापासून ही चाचणी करायची राहूनच गेली होती. तोंडावर आलेलं ‘थांब’ बाईंनी कसंबसं गिळलं.

मुलगी शेजारच्या घुमटात गेली. पडद्यावरचं चित्र हललं, पुसट झालं, पुन्हा स्थिरावलं. ती परतली तेव्हा सूर्याच्या वरच्या कडेचा मोठा काळा डाग उजवीकडे आला होता आणि ठिपके त्याच्या मागोमाग. एक सोडून. तो जागचा हललाच नव्हता.

सरांनी तोंड उघडायच्या आत तिनंच त्याच्यावर बोट ठेवलं. “हा सूर्याचा नाही. आणि पहिल्याच पानावर मी नेमका हाच छापलाय. ते पान काढते.”

सरांनी वळून बाईंकडे पाहिलं. बाईंनी नजर चुकवली नाही. उलट त्यांची मान जराशी वरच झाली.

इतक्यात डागाच्या कडेला, काहीच नव्हतं तिथे, एक नवा ठिपका पेटला. सरांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्याला नाक लागेल इतके वाकले.

“हाही तपासून बघू, सर?” मुलगी घुमटाकडे निघालीच होती.

“बस गं,” ते नजर न हलवता म्हणाले. “पेटलाय तोवर बघून घेऊ दे.”