भुवईपासून कानापर्यंत

आनंदाबाईंनी फ्रेम दाराच्या उजेडात नेली, जवळ धरली, लांब धरली, अन् वर्षालीकडं वळून विचारलं, "हे कोन होय वं?"

वर्षाली हसली. "तुम्हीच की, आजी!"

"मी?" त्यांनी चष्मा पदरानं पुसून पुन्हा पाहिलं. "मंग माहा वण कुठं गेला?"

भुवईपासून कानापर्यंतचा वण. नवऱ्यानं, बापूजींनी, विळा फेकून मारला होता, त्याला चाळीस वर्षं झाली. त्या वणासाठीच तर वर्षाली गेल्या वर्षी कॅमेरा घेऊन आष्टीजवळच्या या गावात आली होती. बायांच्या अंगावरच्या अशा खुणांचे फोटो अन् व्हिडिओ करायचे, हेच तिचं काम. आनंदाबाई दोन तास बोलल्या. बदल्यात एकच मागितलं, आपण गेल्यावर भिंतीवर लावायला एक फोटो.

तिथंच घोळ झाला. वर्षालीच्या वडिलांचा पुलगावात स्टुडिओ. माणूस गेल्यावर हार घालायच्या फोटोत डाग, सुरकुती काही म्हणता काही ठेवायचं नाही, हे ती लहानपणापासून पाहत आलेली. कॉम्प्युटरवर बसली अन् हात आपोआप चालला. झालं, वण गायब! वरून आजी खूश होतील म्हणून मिरवत घेऊन आली, शहाणी.

"छान दिसावं म्हणून काढला," ती म्हणाली.

"मुंबईच्या प्रदर्शनात त भिंतीएवढा केला होता ना तू माहा वण?"

"हो."

"काय म्हनत होते तिथले लोकं?"

"सुंदर आहे म्हणत होते." बोलून गेली अन् तिची तिलाच लाज वाटली.

"पराया लोकाईले दाखवला, अन् माह्याच घरी काऊन लपवला? समीक्षाले सारे सांगतात, आजी चुलीवर पडली होती. मी गेल्यावर माह्या नातीनं बी हेच पाह्याचं?"

वर्षाली स्वतःलाच विचारू लागली, तिथं दाखवला ते चुकलं, की इथं पुसला ते? की दोन्ही?

"दुसरा आणून देते, आजी."

आनंदाबाईंचं लक्ष नव्हतं. भिंतीवरच्या बापूजींच्या फोटोला ताजा हार होता, खाली कुंकवाचा करंडा. रोज सकाळी त्या त्यांच्या काचेवर टिळा लावत. आता त्याच करंड्यात त्यांनी बोट बुडवलं, अन् स्वतःच्या फोटोच्या काचेवर रेघ ओढली. भुवईपासून कानापर्यंत. मग फ्रेम बापूजींच्या बाजूला टेकवली.

लाल ओली रेघ, तिच्यावर दारातून आलेलं ऊन. वर्षालीचा हात कॅमेऱ्याकडं गेला. किती सुंदर, असं मनात आलं, अन् हात तिथंच थिजला.

आनंदाबाईंनी आत हाक मारली, "समीक्षा, इकडं ये माय. आता दोघाईचा फोटो बरोबर झाला."