फाटकाचा गेम

सर, तुम्ही खोटं बोललात. गेम जॅमच्या, म्हणजे गेम बनवायच्या स्पर्धेच्या, पोस्टरवर ‘सगळ्यांना अठ्ठेचाळीस तास’ असं लिहिलंत. पोरं लॅबमध्येच जेवली, तिथंच लवंडली. आम्हा मुलींना मात्र संध्याकाळी सातला हॉस्टेलच्या फाटकात हजर राहायचं होतं, आणि लॅपटॉप आम्हा दोघींपैकी एकीकडेही नाही.

“धुमसत काय बसतेस? फाटकाचाच गेम करू,” माझी जोडीदार शर्वरी म्हणाली.

रविवारी सकाळी फाटक उघडताच लॅब गाठून आम्ही चौकोनी ठिपके भरत एक इवलीशी मुलगी काढली. लांबलेलं प्रॅक्टिकल, न थांबणारी बस, पंक्चर सायकल, सगळं पार करत तिनं सातच्या आत फाटक गाठायचं.

परीक्षक म्हणून तुम्ही खेळायला बसलात आणि चार वेळा बाहेर राहिलात. “अगं, एवढ्या वेळात कोण पोचणार? वाढवा की जरा!” तुम्ही माईकवरच ओरडलात.

शर्वरीनं तिथल्या तिथं सातचे नऊ केले. तुम्ही फाटकात शिरलात, टाळ्याही घेतल्यात.

हॉस्टेलच्या खऱ्या फाटकावर नोटीस आहे, तिच्याखाली सही तुमचीच. तिथला एक आकडा बदलायला किती वर्षं लागतात, सर? माईक अजून चालू आहे. बोला.