फूटपट्टीचं दुसरं टोक

खरवंडीकर सरांनी स्नेहमेळाव्यात जुने पुठ्ठे बाहेर काढले आणि साठीला टेकलेला अख्खा वर्ग खिदळला. इंग्रजी शब्द जोडायचा तोच खेळ! मधल्याच्या गळ्यात 'हॅपी', अलीकडे 'अन', पलीकडे 'नेस'. हात धरले की नवा शब्द तयार.

'हॅपी' कुमुदकडे होतं. श्रीनिवासला 'नेस' आलं आणि त्याच्या छातीत पूर्वीसारखंच धडधडलं. तेव्हा मुलामुलींनी हात धरायचा नाही, म्हणून मध्ये फूटपट्टी असायची. तिचं एक टोक धरून त्याने अख्खं वर्ष सुखात काढलं होतं, बोलला मात्र कधीच नाही.

आताही त्याने टेबलावरची पट्टी उचलून पुढे केली.

"आता कुणाला भ्यायचं रे?" म्हणत कुमुदने पट्टी सरांच्या हातात दिली आणि त्याचा हात घट्ट धरला.