दादाची रेघ, माझी रेघ

“सर, दरडोई म्हणजे माझं पण डोकं धरलंय काय?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी भर वर्गात विचारलं. सरांनी फळ्यावर १९९१ ते २००५ या वर्षांतल्या दरडोई खर्चाच्या दोन रेघा काढल्या होत्या. अमेरिकेतला माणूस खाण्यापिण्यावर किती खर्च करतो आणि भारतातला किती. त्यांची रेघ पार वर, आपली खाली, पण हळूहळू चढणारी.

“धरलंय की, शहाणे! म्हशी सोडून सगळ्यांची धरल्यात,” सर म्हणाले आणि अख्खा वर्ग खिदळला.

देशात माझं डोकं धरतात, मग घरात का नाही? माझं डोकंच फिरलं. घरी येऊन वहीत आमच्या दुधाच्या दोन रेघा काढल्या. रुद्रेशदादा तालमीत जायला लागला तसं त्याला रोज तांब्याभर दूध सुरू झालं. गुडघा दुखतो म्हणून त्यानं कुस्ती सोडून दोन वर्षं झाली, तरी त्याची रेघ काही खाली येईना. माझी मात्र लहानपणापासून एकाच जागी, चहात पडेल तेवढी. परवा कबड्डी खेळताना मला चक्कर आली, तर आई म्हणाली, “पोरीच्या जातीला कशाला पाहिजेत असले खेळ?” आणि म्हशीची धार दोन्ही वेळा काढते कोण? मीच!

 

संध्याकाळी दुधाची चरवी आणून चुलीपाशी ठेवली आणि ओठ पुसत सांगून टाकलं, “आबा, आई, माझा तांब्या मी गोठ्यातच पिऊन आलेय. आता रोज पिणार. ज्याला पटत न्हाय, त्यानं उद्यापासनं धार काढायला बसावं.”